चाळिसाव्या थेंबाचा आकडा

दुपारचे अडीच वाजलेत. जेवण झालंय, भांडी विसळून पालथी घातलीत, आणि कुमुदताई लोखंडी खाटेवर उताण्या पडल्यात. छातीवर सरांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, वही उघडी आहे. डोक्यावर पंखा फिरतोय आणि दर फेरीला त्याचं एक पातं जरासं कुरकुरतं. ती कुरकुर मोजत मोजत त्या झोपेच्या उंबरठ्यापर्यंत येतात आणि तिथेच अडतात, कारण सकाळचा फोन काही मनातून जात नाही.

फोन आफरीन मुकादमचा होता. ही सरांच्याच कॉलेजात शिकलेली मुलगी, आता पुण्यात पीएच.डी. करते. विषयही सरांचाच. तारेवाचून, दिव्याच्या झोतावर बसवून आवाज पाठवायचा, हवेतून आणि पाण्यातून, आणि तो कुठवर पोचतो ते मोजायचं. सरांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी घराच्या पडवीत काचेची लांब टाकी ठेवून हेच केलं होतं. खाडीचं पाणी रोज सारखं गढूळ नसतं, म्हणून ते विहिरीचं स्वच्छ पाणी भरून त्यात दुधाचे थेंब टाकत आणि उजेड किती उरतो ते मीटरवर बघत. त्या आकड्यांचा तक्ता आफरीनला तिच्या प्रबंधात घालायचा आहे.

“काकू, सगळे आकडे कसे पायरीपायरीनं उतरतात,” ती म्हणाली होती. “नुसत्या पाण्यात शहाण्णव. दहा थेंबांना एकसष्ट, विसाला अडतीस, तिसाला चोवीस. मग चाळिसाला पंधराच्या आसपास यायला हवा. सरांनी बावीस लिहिलाय.”

कुमुदताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आमचे गाइड म्हणतात, हा आकडा बसवलेला दिसतो. मी म्हटलं, सर तसे नव्हते. तुम्ही होतात ना तिथे? पाच वाजता पुन्हा फोन करते. तुम्ही म्हणाल ते लिहीन.”

सर तसे नव्हते, हे आफरीन किती सहज म्हणाली. कुमुदताईंना ते तेवढं सहज म्हणता येत नाही. त्या बावीसवरच तर सरांचा निबंध उभा होता. पाणी एका मर्यादेपलीकडे गढूळ झालं की उजेड फारसा घटत नाही, असं काहीसं. आधीचे दोन निबंध पाकिटासकट परत आले होते. हा मात्र दिल्लीला वाचला गेला, कॉलेजात शाल मिळाली, फोटो निघाला. त्या फोटोत कुमुदताई सरांच्या बाजूला हसत उभ्या आहेत आणि मनात म्हणतायत, बावीस कुठून आणलात? सतरा वर्षं त्यांनी हे विचारलं नाही. मग सर गेले. त्यालाही अकरा वर्षं झाली.

पंखा कुरकुरतो. छतावर एक हिरवा ठिपका दिसतोय.

स्टीलच्या तांब्यावरून ऊन परावर्तित झालं असेल, असं म्हणून त्या कूस बदलतात, तर अंगाखाली खाट नसतेच. त्या गच्चीवर उभ्या आहेत. समोर खाडी, भरती अर्धी चढलेली. पलीकडच्या धक्क्यावर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातातला दिवा थेट त्यांच्याकडे रोखलेला आहे. कठड्यावर सरांचा जुना स्पीकर ठेवलाय. तो खरखरतो.

“कुमुद, मीटरला धक्का लावलास का?”

आवाज सरांचाच. म्हणूनच कुमुदताईंना तो पटत नाही. त्या पदर खोचून घेतात.

“कोण बोलतंय?”

“एवढ्यात विसरलीस?”

“मी काही विसरत नाही. अख्ख्या घराण्याच्या तारखा मला विचारायला फोन येतात. पण तुम्ही अकरा वर्षांपूर्वी गेलात, तेव्हा मी विचारणारच.”

“विचार.”

“तुमचा झोत वळवायचा पहिला आरसा फुटला त्या दिवशी मी जेवायला काय केलं होतं?”

“तुला आठवतंय का?”

कुमुदताई आठवून बघतात. आरसा आठवतो, सरांच्या अंगठ्याचं रक्त आठवतं. ताट आठवत नाही.

“मग माझं उत्तर बरोबर की चूक, ते कशावरून ठरवणार?” माणूस हसतो. हसणंही सरांचंच. अडचणीच्या प्रश्नाला असंच हसून बगल द्यायचे. कुमुदताईंचा संशय आणखी घट्ट होतो.

“तो बावीस तुम्ही कुठून आणलात?” त्या एकदम विचारून टाकतात.

आणि विचारताक्षणी त्यांचा हात पुढे होतो, झोताच्या आड. कसा झाला ते त्यांना कळत नाही. तळव्यावर हिरवा ठिपका बसतो आणि स्पीकर मुका होतो. धक्क्यावर त्या माणसाचे ओठ हलताना दिसतात, बराच वेळ, नीट समजावून सांगितल्यासारखे. उजेड अडला की आवाज तुटतो, हे सरांनीच त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेलं. त्या हात काढतात.

“...म्हणून मी लिहिलं,” स्पीकर म्हणतो.

“काय? आधीचं काय म्हणालात?”

“ते तू ऐकलं नाहीस.”

“पुन्हा सांगा.”

“सांगून काय उपयोग? तू म्हणशील, मी बनवून सांगतोय. टाकी भर. करून बघू.”

गच्चीवर घोट्याएवढं पाणी आलेलं आहे. खाडी चढलीय म्हणावं तर पाणी गोडं आहे, विहिरीचं, थंडगार. कुमुदताई एक पाऊल मागे घेतात तर त्या पडवीत असतात. काचेची टाकी भिंतीशी आहे, पण भिंत संपली तरी टाकी संपत नाही, अंगणातून थेट पलीकडच्या तीरापर्यंत गेलेली आहे. दूरच्या टोकाला, पाण्याच्या आत, सर मीटरपाशी पाट मांडून बसलेत. चष्मा लावलाय. पाण्यात बसून चष्मा कशाला, असं त्यांच्या मनात येतं, आणि मग पाण्यात बसायचंच कशाला, असंही येतं.

कुमुदताईंच्या हातात डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर आहे आणि शेजारी दुधाचं फुलपात्र.

“चालू कर,” स्पीकर म्हणतो. आवाज आता पाण्यातून येतोय, थोडा जाड, पण स्वच्छ.

त्या थेंब टाकतात. प्रत्येक थेंब पाण्यात धुरासारखा उकलतो आणि नाहीसा होतो. दहा थेंब झाले की थांबायचं.

“दूध तेच?” सर विचारतात.

“तेच.”

“पाणी तेच?”

“तेच.”

“दिवा तोच?”

“तोच.”

“एकसष्ट.”

ही सरांची रीत. तीन प्रश्न विचारल्याशिवाय आणि तीन उत्तरं मिळाल्याशिवाय वहीत आकडा उतरायचा नाही, आणि आकड्यापुढे तीन बारीक बरोबरच्या खुणा व्हायच्या. कुमुदताईंना तेव्हा याचा कंटाळा यायचा. देवाची आरती तरी बरी, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि सर म्हणाले होते, आरतीत कुणी खरंखोटं विचारत नाही.

वीस थेंब. तेच, तेच, तोच. अडतीस. सरांचा चेहरा दुधाळ काचेमागे गेल्यासारखा दिसतो. आवाज बारीक होतो. कुमुदताई नजर रोखून बघतायत, हात मीटरकडे जातो का, पेन आधीच चालतं का. काही दिसत नाही. तीस थेंब.

“चोवीस,” आवाज येतो, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

तेवढ्यात पडवीच्या बाकावर कपबशी वाजते.

बाकावर शेवंतावन्सं बसल्यात, सरांच्या थोरल्या बहीण, आणि त्यांच्या बाजूला त्यांचे यजमान, गुडघ्यावर टोपी ठेवून. दोघं जाऊन वीस वर्षं तरी झाली. वन्सं बशीत चहा ओततात आणि फुंकर घालतात.

“न सांगता आलो बाई. एसटी लवकर लागली,” त्या म्हणतात. “पण चहा काय झालाय. दूध कुठलं गं हे?”

“आमचंच,” कुमुदताई म्हणतात.

“मघाशी तर म्हणालीस, सगळ्या दुधाला विरजण लावलं.”

या बाईला स्वप्नात तरी कुणी बोलावलं, असं कुमुदताईंना वाटतं. त्या पाठ फिरवून ड्रॉपर भरतात. एकतीस. बत्तीस. थेंब पडतायत, पण आता पाण्यात धूर उकलत नाही. थेंब पडतो आणि नुसताच पडतो. पस्तीस. अडतीस. त्या ड्रॉपर डोळ्यांसमोर धरतात. त्यातून पलीकडचा दिवा आरपार दिसतो.

चाळीस.

सर कुठे दिसत नाहीत, पण आवाज आहे. तिसाव्या थेंबाला होता जवळजवळ तेवढाच. विरायला हवा होता, विरलेला नाही.

“दूध तेच?”

वन्संच्या बशीचा फुर्र आवाज थांबतो. यजमान टोपी उचलून बघतात. सगळं घर कान देऊन आहे.

कुमुदताईंच्या तोंडात शब्द तयार आहे. तीन वेळा म्हटलेला, जिभेला सवयीचा. आणि त्याच क्षणी त्यांना ती दुपार दिसते, इतकी लख्ख की डोळे दिपतात. वन्सं दारात. घरात चहापुरतं दूध नाही. टाकीपाशी फुलपात्र भरलेलं. सर पायरीवर मेव्हण्यांशी बोलतायत. त्या फुलपात्र चहात उपडं करतात, तळाला चमचाभर उरतं, आणि वर गडूतलं पाणी ओतून ते होतं तेवढं भरून जागेवर ठेवतात. दहाच तर थेंब राहिले होते. दहा थेंबांनी काय होतंय? सांगितलं असतं तर सरांनी टाकी रिकामी केली असती, आणि विहिरीवरून पुन्हा चाळीस कळश्या कुणी आणायच्या होत्या?

“कुमुद, दूध तेच?”

“तेच,” कुणीतरी म्हणतं. आवाज त्यांचा आहे, पण तरुण. पाण्याच्या आतून आलेला.

“पाणी तेच? दिवा तोच?”

“तेच. तोच.”

“बावीस,” सर म्हणतात. त्यांच्या आवाजात आश्चर्य आहे आणि आनंद आहे, आणि दुसरं काहीच नाही. कुमुदताई कान ताणून ताणून ऐकतात. दुसरं काहीच नाही.

“अहो, पुन्हा मोजा,” त्या म्हणतात. “अहो, ऐकताय का? तुम्हाला शंका नाही आली?”

“आली ना. म्हणून तर तुला दोनदा विचारलं.”

“आणि मी म्हटलं ते धरून चाललात?”

स्पीकर खरखरतो. “मग कुणाचं धरून चालायचं?”

त्या टाकीच्या काठावरून वाकतात, हात पाण्यात घालतात. पाणी पांढरं आहे, कोपरापर्यंत हात दिसेनासा होतो. हिरवा उजेड दूर दूर जातोय. त्यांना सांगायचंय की सतरा वर्षं तुमच्या शेजारी बसून जेवले आणि मनात हा संशय ठेवला. पण बोलायला तोंड उघडावं तर त्यांच्या टोकाला दिवाच नाही. बोलणं पाठवायला दिवा फक्त सरांकडे आहे.

“चहा मात्र छान झाला होता,” अगदी बारीक आवाज येतो.

पातं कुरकुरतं.

कुमुदताई खाटेवर आहेत. ऊन खिडकीतून सरकून पायाशी आलंय. काही वेळ त्या तशाच पडून राहतात, कारण जाग आल्यावर संशय आधी जागा होतो. नवऱ्याचं नाव राखायला मनानं हे रचलं असेल. मेलेल्या माणसाला निर्दोष सोडायला स्वप्नाइतकी सोयीची जागा नाही. त्या या विचाराला बराच वेळ उलटा सुलटा करून बघतात. मग त्यांना वाटतं, स्वतःच्या सोयीचं रचायचं असतं तर मी त्यात वन्संना चहा कशाला पाजला असता?

त्या वही उचलतात. चाळीस. बावीस. पुढे तीन बरोबरच्या खुणा. पहिली खूण दोनदा गिरवलेली, पेन कागदात रुतलेलं. इतकी वर्षं हे पान बघूनही ही गोष्ट कधी डोळ्यांत भरली नव्हती.

आणि त्या खुणेच्या अगदी शेजारी एक थेंब आहे. ओला, पांढरट, अजून कागदात न मुरलेला.

कुमुदताई उठून बसतात. तांब्या लांब आहे, त्यावर झाकण आहे. छतही कोरडं. त्या बोटाचं टोक थेंबाला लावतात आणि नाकाशी नेतात. सर गेल्यापासून त्या कोरा चहा पितात. अकरा वर्षांत या घरात दूध आलेलं नाही.

फोन वाजतो. पाचला अजून चार मिनिटं आहेत.

“काकू, आफरीन. काही सापडलं का?”

“तो चाळिसाचा आकडा काढून टाक.”

“म्हणजे सरांनी...”

“सरांनी मीटरवर होता तोच लिहिला. दूध तेच नव्हतं. मी पाणी घातलं होतं.”

“हे सरांनी कुठे लिहिलंय का? म्हणजे मला पुरावा...”

“नाही. त्यांनी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं. मी तेच म्हणाले.” कुमुदताई श्वास घेतात. “तू हे असंच लिही. माझं नाव घालून लिही. कुमुदिनी नार्वेकर.”

“काकू, नाव कशाला? नुसतं चूक झाली म्हटलं तरी चालेल.”

“नको. मग लोकांना वाटेल त्यांची.”

आफरीन लिहून घेते आहे, पेनचा आवाज फोनमधून ऐकू येतो. कुमुदताई एका हातानं वही उन्हात धरतात. थेंब हळूहळू कागदात उतरतोय, आणि जिथे तो उतरतो तिथे कागद पातळ होऊन पलीकडचा उजेड आत येतोय. त्या तो पुसत नाहीत. हात आडवा येणार नाही अशा बेतानं वही धरून बसतात.