मावसाजींनी गिटारला नाव विचारलं

“एम्प्रेस! अगे बोल, एम्प्रेस आहेस काय तू?” मावसाजी ओरडत होते. भर दुपारी, अंगणातल्या मांडवाखाली, गिटारच्या पोटावरच्या छिद्राला तोंड लावून. समोर काशाच्या वाटीत पाणी, पाण्यावर धानाचे दोन दाणे, आणि भोवती श्वास रोखून अर्धं गाव. दाणे हलले नाहीत. गिटारच्या आतून मात्र ‘हूं’ असा बारीक आवाज आला, आणि पहिल्या रांगेतले लोक न सांगता दुसऱ्या रांगेत गेले.

आमच्या थोरल्या मावशीचे हे यजमान. चांद्यापासून थेट सिरोंच्यापर्यंतच्या जंगलात अनोळखी लाकूड म्हणून काही शिल्लक राहिलं असेल, तर ते केवळ मावसाजींच्या हाताला लागलं नाही म्हणून. दिसेल त्या लाकडावर ते बोटाचं पेर वाजवत, हुंगत, जमलंच तर चाटत, आणि त्याची जात सांगत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की आधी दार वाजवत. ते कुणी उघडावं म्हणून नव्हे, तर “बीजा आहे, पण उन्हाळ्यात तोडलेला” हे सांगायला. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी ऐन रंगात आली असताना त्यांचं पेर सवयीनं व्याह्यांच्या टकलावर वाजलं. बैठक गार पडली. “पोकळ नाई,” मावसाजी म्हणाले, आणि सोयरीक जमली.

असा हा माणूस एका गिटारपाशी अडला. गिटार त्यांच्या मोठ्या भावाची. तो तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर पळाला. पुढे कलकत्त्याच्या कुठल्याशा हॉटेलात वाजवतो, एवढंच घरी ठाऊक. लढाई संपली, इंग्रज गेले, पहिली निवडणूकही होऊन गेली, त्याची खबर नाही. मग एक दिवस चांद्याच्या स्टेशनावर खोकं आलं. वर पत्ता परक्या अक्षरात, आत गवतात गुंडाळलेली गिटार, चिठ्ठी नाही. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. मावशीनं चुलीपाशी डोळे पुसले. मावसाजी तेवढे सगळ्यांना दटावत फिरले, “वारसा काऊन म्हणता? ठेवाले पाठवली असन. तो येईन मागून.”

ती खुंटीवर टांगली आणि घराची झोप उडाली. तलावापलीकडे वाघानं नुसता जबडा उघडला की इकडे तारा थरथरत, डरकाळी त्यानंतर येई. कुत्रं त्या खोलीचा उंबरा ओलांडेना. मावसाजी बोलायला लागले की ती हुंकार भरी, घरातल्या दुसऱ्या कुणाला नाही. हे मी जेवणाच्या पानावरून ऐकलेलं आहे, आणि जेवताना मी सहसा खोटं बोलत नाही.

मावसाजींनी तिच्यावर पेर वाजवलं, तिला हुंगलं, चाटलं. ऐनासारखी तुरट नाही, शिवणीसारखी हलकी, पण शिवण नाही. शेवटी चांद्याच्या बँडमास्तरांना बैलगाडीत घालून आणलं. ते म्हणाले, ही आर्चटॉप. साध्या गिटारचं पोट सपाट, हिचं कासवाच्या पाठीसारखं फुगीर, आणि मधल्या गोल भोकाऐवजी फिडलसारखी दोन वळणदार छिद्रं. मॉडेलचं नाव आत चिकटवलेल्या कागदावर असतं. तो कागद वाळवीनं खाल्लेला. मग मास्तरांनी वितीनं पोटाची रुंदी मोजली, मानेवरचे शिंपल्याचे ठिपके निरखले, आणि एम्प्रेस असेल, मूनलाइट असेल, नाहीतर कॅव्हेलियर, असं सांगितलं. नक्की कळलं तर कलकत्त्यात चौकशी करता येईल, असल्या चिजा विकणारी दुकानं थोडीच. एवढं मावसाजींना पुरलं. मॉडेल कळलं की दुकान कळेल, दुकान कळलं की भाऊ.

मावशीचं दुखणं निराळं. आमच्याकडे तान्हं पोर रडायचं थांबेना, तर समजतात की कुणी गेलेला माणूस परत आला आहे आणि त्याला आपलं नाव हवं आहे. पाण्यावर धानाचे दोन दाणे सोडायचे आणि घरातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला दाणे एकमेकांना चिकटतील, ते पोराचं. पोर गप्प होतं. मावशीला गिटार गप्प करायची होती, मावसाजींना मॉडेल हवं होतं. त्या घरात नवराबायकोचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

तर एम्प्रेस झालं. मूनलाइट झालं. कॅव्हेलियरला मावसाजी असे ओरडले की तलावावरचे बगळे उठले ते बहुधा तेलंगणात जाऊन बसले असतील. दाणे आपापल्या जागी. वारा पडलेला, पाण्यावर सुरकुती नाही. कुणी हसेना. गेलेल्यांच्या वाटीवर मावसाजी बाजारातली नावं घेत आहेत, हे सगळ्यांना दिसत होतं, बोलायचं कुणी?

मावशी पुढे आली. बाईनं भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नाव तोंडातून काढू नये. एवढ्या संसारात तिनं काढलं नव्हतं. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि वाटीवर वाकली.

“तुम्ही घेतच नाई, तं मले घ्या लागते,” ती म्हणाली. मग हळूच, जेवायला हाक मारावी तसं, “सदाशिव.”

दाणे हलले. सावकाश एकमेकांकडे सरकले आणि चिकटले. गिटारच्या सगळ्या तारा एकदम वाजल्या, लांबून चालत आलेल्यानं ओट्यावर टेकावं आणि सुस्कारा टाकावा तशा, आणि थांबल्या. पुन्हा आपण होऊन ती कधी वाजली नाही. मी आजवर पुष्कळ थापा मारल्या. ही त्यांत धरू नका.

सावली मांडवातून निघून गेली तरी मावसाजी वाटीपुढून उठले नाहीत. मग त्यांनी न्हाव्याला बोलावणं धाडलं.

महिन्याभरानं बँडमास्तर एका वरातीसाठी गावात आले. मावसाजी बैलांना पाणी दाखवत होते. डोक्यावर केस नुकते फुटत होते. मास्तरांचं तिकडे लक्ष नसावं. त्यांनी उत्साहानं विचारलं, मॉडेल लागलं का शेवटी, कलकत्त्याला लिहू का?

“नको भाऊ,” मावसाजी म्हणाले. “घरचंच निघालं.”