इंदू सिस्टरांची दोन बोटं

इंदू सिस्टर वडिलांच्या खाटेपाशी कुणाशीही बोलायच्या आधी दोन बोटं व्हेंटिलेटरच्या नळीच्या जोडावर ठेवायच्या. डॉक्टर आले तरी. न्यूमोनियानं फुफ्फुसं धरली म्हणून वडिलांना नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत ठेवलं होतं. त्या सवयीबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, ओली पिशवी आतून चिकटते ना, तसं झालंय बाबांचं. पहिली फुंकर लय जड जाते. एकदा फुगली की सोपं. पण तोंड सुटलं की परत चिकटली."

त्या सुरगाण्याकडच्या. वडील देवळ्याचे कांद्याचे व्यापारी, हे कळल्यापासून त्या बेशुद्ध माणसाशी चेष्टा करत. "बाबा, कूस बदलायचीय. लिलाव नंतर करा."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी मशीनचा दाब पायरीपायरीनं वाढवून मिटलेलं फुफ्फुस उघडायचं ठरवलं. मी काचेबाहेर उभा होतो. दोनदा सिस्टरांनीच त्यांना थांबवलं. "सर, बीपी पडतंय." तिसऱ्या खेपेला ऑक्सिजनचा आकडा चढला आणि टिकला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "उघडलं. आता मिटू द्यायचं नाही. दोन दिवस काढले तर आशा धरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या रामकुंडावरचं पाणी घेऊन आली. "बाप चाललाय आणि तोंडात तीर्थ नाही. कसला मुलगा रे तू?" मी बाटली आत नेली. सिस्टर म्हणाल्या, "कापसानं ओठांना मीच लावते. पलीकडच्या पेशंटला बघून येते. तोवर हात लावू नका." भेटीची वेळ संपत आली होती. आत्या काचेतून बघत होती. मी वडिलांचा चेहरा जरासा माझ्याकडे वळवला आणि ओठांच्या कोपऱ्याशी चमचा नेला. नळी जोडातून सुटली.

सिस्टर धावत आल्या, नळी बसवली. काही सेकंदच गेले असतील. आकडा मात्र उतरत राहिला. डॉक्टरांनी पुन्हा दाब वाढवून पाहिला, पण या वेळी रक्तदाब तग धरेना. "नळी सुटली कशी?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं झाकण लावत राहिलो.

"बेड माझा होता, सर. माझं लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या.

सकाळी वडील गेले. तेराव्याला आत्या सगळ्यांना सांगत होती, "पोरानं तीर्थ पाजलं, सोनं झालं." मी मान हलवली. सिस्टरांना कामावरून काढल्याचं तिथल्या वॉर्डबॉयकडून कळलं.

महिन्याभरानं सुरगाण्यात एका छोट्या दवाखान्यात त्या भेटल्या. मी सगळं कबूल केलं. त्या इंजेक्शनच्या सुया मोजून ठेवत होत्या.

"चमचा पाहिला होता मी," त्या म्हणाल्या. "मला काय सांगता, दादा? मला ठाऊकच आहे. सरांना सांगा. मोठ्या दवाखान्यात आता कोणी उभं करत नाही मला."

"त्या दिवशी तुम्हीच का नाही सांगितलं?"

"बाप जात होता तुमचा. आणि वाटलं, तुम्ही सांगाल."

त्याला दीड वर्ष झालं. मी दोनदा त्या रुग्णालयात गेलो. दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या केबिनपर्यंत पोचलो. "बोला, काय काम होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वडिलांच्या फाइलची प्रत हवी होती.

त्यांनी लगेच दिली. नळी सुटल्याचं कारण त्यात एका ओळीत लिहिलंय: नर्सचा हलगर्जीपणा.