डिंडोरीच्या पुलावर रिव्हर्स

कॅम्पर व्हॅनची स्वप्नं बघणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: गाडीत दोन पलंग बसवू नका. दुसरा पलंग दिसला की त्यावर कुणीतरी नातेवाईक येऊन बसतोच, आणि मग प्रवास तुमचा राहत नाही.

मी निसर्गाचे फोटो काढते. शक्यतो माणसं नसलेले. मागच्या वर्षी बसमधून अमरकंटकला जाताना डिंडोरीच्या पुढे, करंजियाच्या आसपास, रामतिलाचा एक आख्खा उतार पिवळा झालेला दिसला होता. रामतिल म्हणजे आपण ज्याची चटणी करतो ते कारळं. बस थांबली नाही आणि मी वर्षभर तोच उतार डोक्यात घेऊन फिरले. यंदा एका दिनदर्शिकेसाठी अकरा फोटो पसंत झाले होते, बारावा पिवळा हवा होता. शेतवाल्या भैयाचा फोन नंबर मिळवला, जबलपूरला, गोहलपूरच्या एका वर्कशॉपमध्ये जुनी स्कूल व्हॅन कापून तिच्यात पलंग, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवून घेतली. मिस्त्रीनं शेगडी अशी बसवली की मागचं दार उघडल्याशिवाय ती पेटायची नाही आणि दार उघडलं की वाऱ्यानं विझायची. असो.

तर दुसऱ्या पलंगावर मामी आली. मामा-मामी जबलपुरातच, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मामीचा गुडघा उन्हाळ्यात बदललाय. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणून राहिला, हवापालट करा. मीबी येते." मामांनी इतक्या आनंदानं होकार दिला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मामीनं बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून पडद्याचं कापड आणलं, भगवं, मोठमोठ्या कैऱ्यांचं. त्यातून येणाऱ्या उजेडात गाडीतली प्रत्येक गोष्ट कावीळ झाल्यासारखी दिसते. वर निघायची तारीखही तिनंच ठरवली. "एकादशी होऊ दे, मग निघू." तिकडे फुलं काय एकादशी बघून थांबतात? पण मामीपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर एका पहाटे निघालो. मामी म्हणाली, नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाच मिनिटं थांब. मी होड्यांचे फोटो काढत बसले, ती पंडितजींबरोबर काहीतरी करत बसली आणि पाण्याची एक छोटी बाटली भरून आली. पाच मिनिटांचा तास झाला.

कुंडमवरून शहापुऱ्यापर्यंत रस्ता उत्तम आहे, डोळे झाकून जा. शहापुऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर गक्कड-भर्ता खाल्ला. गोवरीवर भाजलेले गक्कड, वर तूप, सोबत वांग्याचं भरीत. इथे नक्की थांबा. फक्त सोबत मामी असेल तर थांबू नका, कारण दुसरा गक्कड तोडता तोडता ती म्हणाली, "पिंके, डिंडोरीच्या आधी नर्मदेचा पूल येते ना, त्याच्यावरून जायचं नाही आपल्याले."

"काहून?"

"मी परिक्रमेत आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. मामी सहा वर्षांपूर्वी जबलपूरजवळच, तिलवाराच्या नदीपलीकडच्या घाटावरून बायकांच्या बसमध्ये निघाली होती. दक्षिण काठानं समुद्रापर्यंत, तिथून नावेनं वळसा, मग उत्तर काठानं परत जबलपूर. इथे आल्यावर कळलं की मामांना डेंगू झालाय, तेव्हा ती ग्वारीघाटाला उतरली. बस पुढे गेली. ग्वारीघाट ते अमरकंटक, उगमाला वळसा आणि दक्षिण काठानं परत तिलवारा, एवढा तुकडा राहिला. मग कधी कोरोना, कधी मामांची निवृत्ती, कधी गुडघा. आता तर गुडघ्यामुळे कुणी बसवाला तिला घ्यायला तयार नाही.

आणि तो तुकडा राहिला म्हणून मामीनं सहा वर्षं नर्मदा ओलांडलेली नाही. बाकीचे लोक तुकड्या-तुकड्यानं परिक्रमा करतात, मधे रेल्वेनं आरामात घरी जाऊन येतात. मामीला सांगितलं तर म्हणते, "त्यांचं त्यांच्यापाशी." तिचं माहेर नागपूरचं आणि नागपूर पुलापलीकडे. तिची थोरली बहीण, कुसुमताई, दर दिवाळीत बसनं इकडे यायची. यंदा ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि आता पलंगावर आहे.

"तिनं फोनवर विचारलं," मामी म्हणाली, "आता तू जितेपणी येते का मी मेल्यावर येते? मी म्हटलं, मेल्यावरबी पुलाच्या अलीकडूनच हात जोडीन. फोन ठेवला अन् मंग मी रडली."

"मग हे मला घरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त नेलं असतं काय तू?"

नसतं नेलं. खरं सांगते, अजिबात नसतं नेलं. आम्ही ढाब्यावर चांगल्या भांडलो. मी म्हटलं, पुलावरून गेलो तर संध्याकाळच्या उजेडात फुलं मिळतील, काठानं फिरून गेलो तर तिसऱ्या दिवशी. तुला इथे सोडून एकटी जाऊन येते म्हटलं, तर तो गुडघा बघून माझाच जीव होईना. शेवटी मामीनं दुखण्याची गोळी घेतली, पदर तोंडावर ओढला आणि मागच्या पलंगावर झोपून गेली.

पुलापाशी पोचलो तेव्हा ती घोरत होती. पलीकडे डिंडोरी, तिच्या मागे डोंगर, आणि ऊन कलायला लागलेलं. फोनमधली बाई सारखी सांगत होती, सरळ जा, सरळ जा. मी आरशात बघितलं. पदर वरखाली होत होता. कुणाला कळणार होतं? उठेल तेव्हा म्हणायचं, अमरकंटक आलं. उगमाला वळसा घालेल, खूश होईल, माझा फोटो होईल, तिकडूनच नागपूर. गाडी पुलावर घातली.

दहा-पंधरा हात गेले असेन. मग ते आठवलं, मेल्यावरबी पुलाच्या अलीकडूनच. जी बाई बहिणीसाठी पूल ओलांडत नाही तिला मी एका फोटोसाठी झोपेत ओलांडून नेऊ? माझ्याच्यानं झालं नाही. मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. मागच्या ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "मैडम, पुल पे आके याद आया क्या?" त्याच्यामागे दोन मोटरसायकली, एक ट्रॅक्टर. सगळ्यांच्या शिव्या खात मागे आले. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

अर्ध्या तासानं मामी उठून बसली. "गेला का पूल?"

"नाही मामी. काठानंच चाललोय," मी म्हटलं, जरा अभिमानानंच.

मामीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, तिला भरून आलं असेल.

उत्तर काठाच्या आतल्या रस्त्यांबद्दल काय लिहू. काही ठिकाणी डांबर आहे, काही ठिकाणी डांबराची आठवण आहे. डिझेल शहापुऱ्यातच भरून घ्या. फोनमधली बाई दर फाट्यावर आम्हाला कुठल्या ना कुठल्या पुलावर न्यायला बघायची आणि मामी तिला उत्तर द्यायची, "गप बस वं, तुले काय कळते." रात्री एका छोट्या आश्रमात गाडी लावली. परिक्रमावासी म्हटल्यावर मामीला मुक्कामाला आसन, गरम कोदोचा म्हणजे कोद्र्याचा भात आणि डाळ. मला कुणी विचारलं, "आप भी परिक्रमा में हैं?" मी म्हटलं, मी ड्रायव्हर आहे. त्यांनी ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी राजेंद्रग्रामवरून अमरकंटक. चढण आहे, पण रस्ता बरा. मामी काठी टेकत माई की बगिया या बागेच्या बाजूनं उगमामागून फिरली, अर्ध्या अर्ध्या फर्लांगावर बसत. मी चिडचिड करत तिची पिशवी, तिची बाटली आणि माझा ट्रायपॉड घेऊन मागे. रात्री अशी थंडी पडली की टाकीतलं पाणी हाताला चावत होतं. मामीनं आणलेली शाल म्हणजे लग्नात मिरवायची शाल. माझी रजई तिच्यावर टाकली आणि मी दोन स्वेटर घालून कुडकुडत पडले. मग पाऊस आला. नोव्हेंबरात, बेमोसमी, वाऱ्यासकट. पत्र्यावर तो पाऊस ऐकत मी उताराचा विचार करत होते.

सकाळी कबीर चबुतऱ्यावरून खाली, करंजिया ओलांडून, थेट त्या शेतावर. भैया बांधावर उभाच होता. उतार होता, आकाश धुतलेलं होतं, उजेड मागून मागून मिळणार नाही असा होता. आणि पिवळं काही नव्हतं. तपकिरी, ओली, मान टाकलेली झाडं.

"दीदी, रात के पानी में सब झड़ गए," तो म्हणाला. "वैसे भी जाने वाले थे. परसों तक तो पूरा पीला था."

परवा म्हणजे पुलाचा दिवस. मी ट्रायपॉड उघडलासुद्धा नाही. मामी गाडीतून खाली उतरली, शेताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा करते." शेगडी पेटली नाही.

पुढचे दोन दिवस मी जास्त बोलले नाही, म्हणून इथेही जास्त लिहीत नाही. डिंडोरी, महाराजपूर, नैनपूर, घनसौर, बरगी. मंडल्याला शहराबाहेर महाराजपूरच्या बाजूला राहायची सोय स्वस्त आहे. मामी पोळीला साजूक तूप लावून माझ्यापुढे ठेवायची आणि मी ती खायचे. राग असला तरी भूक लागते.

तिलवाराच्या पलीकडच्या घाटावर पोचलो तेव्हा सकाळ होती. मामीनं बाटलीतलं पाणी नदीत सोडलं. मग कढाई, म्हणजे परिक्रमा पुरी झाल्याचा शिऱ्याचा नैवेद्य. वारा पडला होता, म्हणून शेगडी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पेटली. घाटावरच्या पोरींना मामीनं शिरा वाढला. "झालं बापा," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून राहिली. मीही तिच्या शेजारी टेकले.

समोर पूल. पूल ओलांडला की घर. मामांचा फोन येऊन गेला होता, खोव्याची जलेबी आणून ठेवलीय म्हणून. चार दिवस न धुतलेले केस, पाठ मोडलेली. मी किल्ली फिरवली आणि मामीनं विचारलं, "पिंके, इथून नागपूर कितीक दूर आहे?"

"मामी, घरी जाऊ, अंघोळ करू, उद्या निघू."

"तिचा उद्या कोणी पाहिला?"

गाडी नागपूरकडे, लखनादौनच्या रस्त्याला वळवली. रस्ता फार सुंदर आहे, पाच-साडेपाच तास लागतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

कुसुमताई पलंगावर टेकून बसल्या होत्या. मामी जवळ बसली, तेव्हा त्यांनी लुगड्यावरूनच तिचा गुडघा चाचपला आणि म्हणाल्या, "नवा बसवला काय?" मग दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"अवं ताई, त्या पुलावर काय झालं सांगू," मामी सांगत होती. "मी झोपेचं सोंग घेऊन पडली होती. घोरूनबी राहिली होती. म्हटलं ही पोरगी चिडलेली आहे, नेते मले पुलावरून. सुटते मी, परवा तुझ्यापाशी येते. अन् हिनं नेली, ताई. पुलावर नेली. अन् मंग रिव्हर्स. नेमकी धर्माची निघाली."

"मंग तूच म्हणाची ना, चल म्हणून."

"मी म्हटलं असतं त माझ्या तोंडून झालं असतं ना. झोपलेल्याचं काय, जे नेईल त्याचं पाप."

म्हणजे पाप माझ्या नावावर टाकायची तयारी होती. मी कप घेऊन दारात उभी राहिले. मामीनं मला बघितलं आणि पदर सारखा केला.

"ऐकलं काय? लय राग आला होता मले तुझा. अमरकंटकपर्यंत होता."

"अन् मंग?" कुसुमताईंनी विचारलं.

"मंग हिनं आपली रजई मले दिली अन् सोता कुडकुडत पडली. दे चहा."

आता घरी येऊन पंधरा दिवस झाले. दिनदर्शिकेच्या बाराव्या पानावर दुसऱ्या कुणाचं तरी सूर्यफुलाचं शेत छापून येणार आहे. माझ्याजवळ या प्रवासाचे आहेत ते फोटो म्हणजे ग्वारीघाटाच्या नावा, अमरकंटकचं धुकं, आणि कुसुमताईंच्या पलंगावर दोन म्हाताऱ्या बायका, एकीचा हात दुसरीच्या गुडघ्यावर. शेवटचा फोटो मी चुकून काढला. पडदे बदलायचे आहेत, शेगडीची जागा बदलायची आहे आणि दुसरा पलंग काढायचा आहे, असं मी काल मामीला फोनवर ठणकावून सांगितलं.

"पलंग राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी फुलायले लवकर जाऊ. सरळ पुलावरून. तवा मी खरंच झोपीन."