लाल ओढणी आणि एक टाळी

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. उद्यावर ढकललं तर मी स्वतःचीच समजूत घालून टाकीन की एवढं काही झालं नाही. माझी तीन वर्षांची पोरगी समोर बसून दहीभात खातेय, तिचा ओठ सुजलाय, आणि मी ओट्याला टेकून फोनवर भराभर टाइप करतेय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. माझी सगळी शाळा इकडे हैदराबादला झाली, मराठी वाचायला आईने घरी शिकवलं, लिहिताना अजून गडबड होते.

तर, माझं काम म्हणजे गोष्टी वाचणं. लहान मुलांच्या मराठी गोष्टी मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून ऑडिओबुकवाल्यांना पाठवते. नोकरी नाही, बॉस नाही, सगळं माझं मी. स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं भिंतीतलं कपाट! खालचे कप्पे काढून टाकले, आत एक स्टूल ठेवलं आणि सुलतान बाजारातून आणलेल्या जाड रजया चारी बाजूंनी टांगल्या. आम्ही सिकंदराबादला रेल्वे लाइनजवळ राहतो. गाडीचा भोंगा, शेजारचा कुकर, भाजीवाल्याचा स्पीकर, सगळं त्या रजयांनी अडवायचं. आत एवढं उकडतं की बाहेर येते तेव्हा मी भजी झालेली असते. पण खरं सांगू, दिवसभरात मला सगळ्यात भारी तिथेच वाटतं.

वाचताना जीभ घसरली की मी एक टाळी वाजवते आणि ते वाक्य परत वाचते. टाळीचा आवाज स्क्रीनवर उंच काडीसारखा दिसतो. नंतर चूक शोधत बसावं लागत नाही, काडी दिसली की तिथे कापायचं. हे पोरीने कधी उचललं काय माहीत. दूध सांडलं की टाळी. चप्पल उलट्या पायात गेली की टाळी, आणि मग परत घालणार. आम्ही लोटपोट हसायचो. नवऱ्याने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आणि दुसरं म्हणजे ओढणी. कपाटाच्या हँडलला माझी लाल ओढणी बांधली की आत चिमणी झोपलीय असं समजायचं, आवाज करायचा नाही. हा खेळ मीच काढला. ओढणी सुटली की एक मिठी आणि एक उस्मानिया बिस्कीट. तिला ते जमायला लागलं तेव्हा मी काय खूश झाले होते! सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले, माझी पोरगी बघा, किती शहाणी.

आज तिच्या प्लेस्कूलला सुट्टी होती. नवरा ऑफिसला. मला संध्याकाळपर्यंत एक गोष्ट पाठवायची होती. मी तिला पलंगावर रंग आणि कागद दिले, ओढणी बांधली, आत शिरले. आणि काय सांगू, आज आवाज असा लागला ना! एका आगाऊ उंदराची गोष्ट होती, उंदीर जणू माझ्या घशातच बसलेला. मधेच धप्प झालं. वाटलं, वरचे लोक मसाला कुटतायत. हेडफोनमध्ये माझाच आवाज भरलेला. मी थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि नाचतच दार उघडलं.

ती खाली फरशीवर बसली होती. ओठ फाटलेला, फ्रॉकवर रक्त, दोन्ही हात तोंडावर घट्ट. पलंगावरून पडली होती, कड लागली असणार. डोळे पाण्याने भरलेले, पण आवाज नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती, हँडलकडे बघत होती.

"मम्मा, ओढणी काढ ना."

मी ओढून काढली. आणि मग ती रडली. अशी रडली की समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी, आम्ही त्यांना खाला म्हणतो, धावत आल्या. खालांनी बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून ओठाला लावला, तिला मांडीवर घेतलं. मी नुसती उभी.

"कहाँ थे तुम?" त्यांनी विचारलं.

"इधरीच. रेकॉर्डिंग कर रही थी."

"क्या बेटा, दुनिया के बच्चों कू किस्से सुनाते बैठे, अपनी बच्ची गिरी सो नई मालूम?"

त्या वाईट नाहीत. माझ्या डिलिव्हरीनंतर याच बाईने मला रोज गरम जेवण आणून दिलं होतं. म्हणून जास्त लागलं.

दुपारी ती झोपली आणि मी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. स्क्रीनवर मधेच एक बुटकी काडी दिसली. मला तर आठवत होतं, आज माझी एकही चूक झाली नव्हती. हेडफोन लावला. माझा उंदीर बडबडतोय, मागे धप्प, आणि मग एक छोटीशी टाळी.

ती पडली, आणि तिने टाळी वाजवली. तिला वाटलं, चूक झाली.

मी ती जागा कितीदा ऐकली काय माहीत. ते कापायला दोन क्लिक लागले असते, तेवढंच वाक्य परत वाचून जोडता आलं असतं. मला नाही जमलं. ज्यांना पाठवायचं होतं त्यांना मेसेज केला, उद्या देते. नवऱ्याला फोन केला.

"अगं, मग थोडे दिवस बंद कर ना," तो म्हणाला. "मोठी झाली की बघू."

"तू बंद करतोस का तुझं ऑफिस?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालास?"

मीच फोन ठेवला. त्याचा रागही येत नाहीये मला, कारण मला स्वतःलाच कळत नाहीये. मला हे काम सोडायचं नाही. ती तशी बसलेली डोळ्यांसमोरून जात नाही आणि तरी सोडायचं नाही. कसली आई मी? आणि सोडलं तर कसली होईन, ती भीती वेगळीच.

मघाशी तिला जवळ घेऊन सांगितलं, "ओढणी असली तरी रडायचं. दार बडवायचं. मम्माला बोलवायचं."

"मग तुझं परत करावं लागेल."

"लागू दे. मी परत करीन."

म्हटलं, चल, खेळून बघू. ओढणी बांधली आणि म्हणाले, "आता ओरड, जोरात!"

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. सुजलेल्या ओठावर. मी म्हणतेय ओरड, ओरड ना गं, आणि ती हातांमागून मान हलवतेय, नक्को, नक्को. एवढं चांगलं शिकवलंय मी.

ओढणी आता ओट्यावर माझ्या शेजारी पडलीय. उद्या मला परत त्या कपाटात बसायचंय. तुमच्याकडे झालंय का असं? आपण आपल्या सोयीसाठी लेकराला एखादी गोष्ट शिकवली आणि मग ती त्याच्या अंगातून निघतच नाही? तुम्ही कशी काढलीत, सांगा ना.