नाणं घासू नका म्हटलं होतं

माझं रत्नागिरीत चष्म्याचं दुकान आहे. दुकानात भिंगं आहेत, म्हणून जुनी नाणी जमवणारे आम्ही तिघे-चौघे रविवारी सकाळी तिथे बसतो. नाणी क्वचितच मिळतात, किस्से मात्र साठतच जातात. आणि बहुतेक किस्से एकाच गोष्टीचे असतात: नको म्हटलेलं असताना कोणीतरी नाणं धुतलं.

आमचं म्हणणं साधं आहे. जुन्या नाण्यावरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे, ती त्याची कातडी. ती खरवडली की अक्षरं झिजतात आणि जाणकार माणूस ते नाणं विकत घेत नाही. हे सांगून माझा घसा बसला, तेव्हा दुकानात पाटी लावली: 'जुन्या नाण्याला हात लावू नका, आहे त्या स्थितीत ठेवा.' लोक पाटी वाचतात, घरी जातात आणि नाणं घासतात.

*

एकाचा फोन आला. "काका, टूथपेस्टने घासू की लिंबाने?"

"कशानेच नको."

"बरं," तो म्हणाला. "मग कशाने?"

*

आमचे सुरेशभाऊ जन्मभर बोटीवर नोकरीला होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेलं तांब्याचं नाणं आमसुलाच्या आगळात भिजत घातलं आणि वर काथ्याने घासलं. का, तर अक्षरं नीट वाचता येत नव्हती.

मी भिंग लावलं. "आता येतात वाचता?"

"आता अक्षरंच नाहीत," भाऊ शांतपणे म्हणाले. "पण लकाकी बघ."

*

घरची गोष्ट काय वेगळी? लक्ष्मीपूजनाला बायकोने माझे चांदीचे रुपये काढले आणि रांगोळीने लख्ख घासून पाटावर मांडले.

"अगं, ते काळे होते म्हणून त्यांना भाव होता," मी म्हटलं.

"लक्ष्मीपुढे काळी तोंडं मांडू? मग पुढच्या वर्षी समईपण तशीच ठेवते."

तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. परवा तिने किल्ली मागितली. म्हणे, कपाट आतून पुसायचंय.

*

कांबळे सरांचं उलटं. सर मंडणगडचे, निवृत्त शिक्षक. नियम म्हणजे नियम. त्यांच्या आजोबांच्या नाण्यावर हिरवी पूड धरायला लागली. मी म्हटलं, "सर, हा थर नाही, हा रोग आहे. खारी हवा लागलीय. याला उपाय करायलाच हवा."

"पाटीवर तर लिहिलंय, हात लावू नका."

"रोग झाल्यावर लावायचा, सर."

"तसं पाटीवर नाही."

पावसाळाभर हेच चाललं. मग एका रविवारी सरांनी डबी उघडली. नाण्याची एक कड गळून गेली होती. शेजारी कागदाची छोटी पुडी, तिच्यात हिरवा भुगा.

"हे कशाला ठेवलंत?"

"आहे त्या स्थितीत ठेवा म्हणालात ना?"

*

आणि पार्वतीकाकू. या दाभोळच्या, सुकी मासळी विकतात. मुलाने, त्यांच्या बोलीत झिलाने, पाठवलं म्हणून एक काळंकुट्ट तांब्याचं नाणं घेऊन आल्या. लग्नात सासरी निघताना आईने त्यांच्या पदराला बांधलेलं.

भिंगाखाली धरलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. असा ठसा आम्ही कोणी हातात घेतलेला नव्हता. सुरेशभाऊंनी पाहिलं, कांबळे सरांनी दोनदा पाहिलं.

"काकू, याला चांगली किंमत येईल," मी म्हटलं.

काकूंचा चेहरा उतरला. "झिलानं मुंबयचा गिऱ्हाईक बघून ठेवलंय. आयेची येवढीच वस्तू माझ्याकडं. मी नाय म्हटलं तर घरात रोज भांडान."

मी आपलं नेहमीचं सांगितलं. "एक करा, याला घासू मात्र नका. घासलं तर कोणी विचारणार नाही."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही."

"तो मुंबयवालापण नाय?"

"तो तर हातसुद्धा लावणार नाही."

काकूंनी नाणं रुमालात बांधलं, पुन्हा एकदा "नक्की ना?" म्हणून विचारलं आणि निघाल्या.

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. रुमाल सोडला. आतलं नाणं नव्या कळशीसारखं चमकत होतं, ठसा पार पुसट. सुरेशभाऊंनी कपाळाला हात लावला. मी वैतागून म्हटलं, "काकू, इतकं सांगितलं होतं तुम्हाला!"

"व्हय तर," काकू म्हणाल्या. "चिंच लावून, राखेनं चांगला दोनदा घासला. आता झिलाला तेवढा फोन करून सांगा."