मोठागावच्या पुलावरून, फीमाफीचा अर्ज घेऊन

बुधवारी मी ठाण्याला गेलो ते हौसेने नव्हे. स्वतःची चूक निस्तरायला गेलो आणि हात हलवत परत आलो. तरी रस्त्याची माहिती कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

डोंबिवलीत मी इंग्रजीचे क्लास घेतो. मोठागावच्या वनिताताई दारावर मासळी घेऊन येतात आणि घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडून वाचून घेतात. मी पैसे घेत नाही, म्हणून वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकतात. मे महिन्यात त्यांनी मुलीचा, प्राचीचा, फॉर्म आणला. ठाण्यात माजिवड्याला असलेल्या एका खासगी नर्सिंग संस्थेचा. आत बॅच खोळंबली होती. पहिल्याच पानावर ‘नॉमिनल फी’ दिसलं. “नॉमिनल म्हणजे किरकोळ. करा सही,” म्हटलं आणि वाटा घेऊन आत गेलो. शेवटचं पान मी उलटलंच नाही.

आता प्राचीला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. बुधवारी पाचपर्यंत तिथे मूळ दाखला द्यायचा होता, आणि तो माजिवड्याच्या संस्थेत फीपायी अडकलेला.

आम्ही दोघांनी मोठागाव-माणकोली पुलावरून रिक्षा केली, साडेतीनशे रुपये. रस्ता मोकळा मिळाला तर पाऊण तासात माजिवडा. हायवेवर कंटेनरच्या मागे सापडलात तर काही खरं नाही. पूल देखणा आहे. नवऱ्याची होडी खाडीत कुठे लागायची ते वनिताताई दाखवत होत्या, आणि मी लिहून आणलेला फीमाफीचा अर्ज चाळत होतो. वीस वर्षं मुलांना शब्दांच्या जोड्या घोकायला लावतोय: ‘चार्ज अ फी’, ‘इन्कर चार्जेस’, ‘वेव्ह अ फी’. शेवटची म्हणजे फी माफ करणं. तीच अर्जात तीनदा घातली होती.

काउंटरवर कविता, माझी जुनी विद्यार्थिनी. मला बघून उठून उभी राहिली. मग फॉर्मचं शेवटचं पान पुढे ठेवलं. कोर्स मध्येच सोडला तर उरलेली सगळी फी एकरकमी. तोवर कागद मिळणार नाहीत.

“कुणी वेव्ह करू शकेल का गं?”

“तुम्हीच शिकवलेलं सर. पण सहा वर्षांत इथे कुणाची फी वेव्ह झालेली मी बघितली नाही.” तरी ती अर्ज घेऊन आत गेली. परत आली ती मान हलवतच.

मूळ कागद असे अडवता येत नाहीत म्हणतात. ते सिद्ध करायला महिने लागतात. आमच्याकडे पाचपर्यंतचा वेळ होता.

वनिताताईंनी पानावर बोट ठेवलं. “सर, ह्ये तवा पन लिवलेला व्हता?”

मी हो म्हटलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

समोरच्या टपरीवर वडापाव वीस, चहा दहा. चहा बरा आहे. तिथल्या बाकड्यावर आम्ही पाच वाजेपर्यंत बसलो. रिक्षाचं जाण्यायेण्याचं भाडं मी दिलं, तेवढंच जमण्यासारखं होतं. सरकारी कॉलेजातली जागा गेली. प्राची माजिवड्यालाच जाते आणि तिची आई आता संध्याकाळीही पाटी घेऊन बसते.

गुरुवारी वनिताताई नेहमीच्या वेळी आल्या. वाटा लावला, वर दोन बोंबील ठेवले. मी ते उचलून परत पाटीत टाकायला गेलो.

“कालचा अर्ज लिवलात ना तुमी,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या. दिलेला परत घेत नाय आमी.”

मी वाटा घेऊन आत गेलो.