गाडीत दुसरं कोणीच नव्हतं

आयर्लंडमधल्या नावन या गावच्या लायब्ररीत आमचा वाचनगट महिन्यातून एकदा जमतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला तेवढाच विरंगुळा. त्या वर्षीचा विषय होता हल्लीच्या अमेरिकन कादंबऱ्यांतला प्रवास. माझ्या वाट्याला आलेल्या कादंबरीत एक बाई, आई गेल्यावर, गाडी काढते आणि राज्यांमागून राज्यं ओलांडत सुटते. वाचून मी भारावून गेले होते. एवढा मोकळा रस्ता आणि वाटेल तिथे वळायची मुभा!

तेव्हा बाबा यवतमाळहून माझ्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी त्यांना कथा सांगायचे. तिला टायर बदलता येतो का, ती झोपते कुठे, असं ते विचारायचे. कथा संपली तेव्हा म्हणाले, "इतक्या लांब गेली, पन तिच्या गाडीत दुसरं कोनीच कसं बसलं नाही?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच, पहिल्या पानापासून शेजारची सीट रिकामी होती. दोनदा वाचूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या बैठकीला मी बाबांना घेऊनच गेले आणि त्यांचा प्रश्न सगळ्यांपुढे मांडला. गट चालवणाऱ्या निवृत्त आयरिश शिक्षिकेने त्यांनाच विचारलं, तुमच्या गाडीत कोण बसायचं? मी भाषांतर करत होते.

बाबांनी सांगितलं, एकदा पुसदच्या घाटात एका बाईला कळा सुरू झाल्या. त्यांनी नेहमीचा रस्ता सोडला आणि भरलेली गाडी थेट दवाखान्याकडे वळवली. गाडीत लग्नाला निघालेली माणसं होती. त्यांचा मुहूर्त टळला, पण कुणी चकार शब्द काढला नाही. बायकांनी पदरांचा आडोसा केला. दवाखाना यायच्या आतच मागून बाळाचं रडणं ऐकू आलं.

हे मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. सांगताना मला इंग्रजी शब्द सुचेनात.

मुलगा झाला की मुलगी, शिक्षिकेने विचारलं.

"नाही समजलं," बाबा म्हणाले. "पुढच्या गावचे लोकं वाट पाहत होते. उतरलेल्या मानसाचं पुढं काय झालं, हे डायव्हरले कधीच समजत नाही."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मग बराच वेळ कुणी पुस्तकाकडे वळलं नाही. शिक्षिकेने उठून आधी बाबांना चहा दिला.